आधी काम विचारा, मग गाणं

मैत्रिणींनो, घरात वडीलधारं माणूस असलं की दिवसातून एकदा तरी ‘आमच्या वेळी’ हे शब्द कानावर पडतातच. आमच्या वेळी गाणी कशी होती, आमच्या वेळी पहाट कशी व्हायची, आमच्या वेळी एक रेडिओ साऱ्या आळीला कसा पुरायचा! आपण पोळ्या लाटता लाटता ‘हो का?’ म्हणतो, मुलं अभ्यासाचं निमित्त काढून उठतात आणि घरातला कर्ता पुरुष मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. मग बोलणारं माणूस हळूहळू बोलणं कमी करतं. काही दिवसांनी आपणच एकमेकींना सांगायला लागतो, “अगं, आमच्या सासूबाई हल्ली फार गप्प गप्प असतात.”

डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, रेशमी साडी घडीवर विरू नये म्हणून काय करावं, हे आपण एकमेकींना नेहमी विचारतो. पण घरातली एक ठेव अशी आहे, की ती डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवता येत नाही. ती म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी आणि त्या गाण्यांना चिकटून असलेलं त्यांचं रोजचं आयुष्य. ती ठेव ज्याच्याजवळ असते त्याच्याबरोबरच जाते. म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द.

आमच्या सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माहेर तासगावकडच्या एका खेड्यात, सासर मिरजेत. १९६८ साली लग्न होऊन मिरजेत आल्या त्या इथल्याच झाल्या. मामंजी गेले आणि त्यानंतर त्यांच्या दिवसाला जसा काही काठच राहिला नाही. सकाळचा चहा झाला की गॅलरीत बसायचं, जेवण झालं की आडवं व्हायचं. टीव्ही चालू असतो, पण त्या तिकडे बघतात म्हणून बघतात. मी कधी म्हटलं, “आई, एखादं गाणं म्हणा ना,” तर ठरलेलं उत्तर येतं, “मला मेलीला कुठं गाणं येतंय? मी काय गाणं शिकलेय?”

हे उत्तर नीट ऐका बरं का मैत्रिणींनो, कारण तुमच्याही घरी हेच उत्तर मिळणार आहे. त्या पिढीतल्या बायकांच्या हिशेबी ‘गाणं’ म्हणजे पेटी-तबला घेऊन शिकतात ते. आपण ज्याला गाणं म्हणतो, ते त्यांच्या लेखी गाणं नव्हतंच मुळी. ते दळण होतं, कांडण होतं, सडा घालणं होतं, लेकरू निजवणं होतं. गाणं म्हणायला म्हणून कोणी बसत नसे. हात कामात असायचे आणि तोंडातून आपोआप ओवी निघायची. म्हणून त्यांना गाणं विचारलं तर येत नाही. काम विचारलं तर त्याच्या पाठोपाठ गाणं येतं. आज मला सांगायचंय ते एवढंच.

थोडं मागं जाऊन बघू या. विजेची पिठाची गिरणी गावोगाव येण्यापूर्वी घरच्या बाईचा दिवस जात्यावर सुरू व्हायचा. पहाटे चारला उठून दोघीजणी समोरासमोर बसत, एकीचा हात खुंट्याला, दुसरीचा त्यावर. पायलीभर धान्य दळायचं म्हणजे खांदे भरून येत. त्या श्रमाला लय लागावी, झोप उडावी म्हणून ओवी. पण ओवीचं काम तेवढंच नव्हतं. दिवसभर ज्या सुनेला तोंड उघडायची सोय नसे, तिचं मन पहाटेच्या अंधारात जात्यापुढे मोकळं व्हायचं. भाऊ, आई, माहेरची वाट, सासरचा जाच, विठोबा, लेकीची पाठवणी, सगळं त्यात यायचं. जात्याला कोणी साधं दगडाचं यंत्र मानलंच नाही. जातं म्हणजे देव, आणि त्याच्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही.

गिरणी आली आणि बायकांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं. पण जातं माळ्यावर गेलं तशी ओवीही माळ्यावर गेली, कारण ती त्या खुंट्यालाच बांधलेली होती. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी जन्म वेचला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी बायकांकडे जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना सही करता येत असेल?

त्यानंतर आला रेडिओ. आपल्या सासवांच्या पिढीचं खरं घड्याळ तेच. मोठा लाकडी डबा, आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, आधी तो तापायचा, मग हळूहळू बोलू लागायचा. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल. दर वर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. हे लायसन्स प्रकरण मुलांना सांगून बघा, त्यांना खरंच वाटत नाही.

सासूबाईंच्या माहेरी गावात रेडिओ मोजकेच. १९५५ सालची रामनवमी, १ एप्रिल. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभर छप्पन्न गीतं झाली. तेव्हा या आठ वर्षांच्या. ज्यांच्या वाड्यात रेडिओ होता तिथे बायका आंघोळी करून जमत, रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. सासूबाई सांगतात, “मला रामाचं काही कळत नव्हतं गं. मी त्या उदबत्तीच्या वासासाठी आणि शेवटी मिळणाऱ्या खडीसाखरेसाठी जायची.” आजही त्यातलं कुठलं गीत लागलं की त्यांना आधी खडीसाखर आठवते, मग राम!

थोडं वय वाढलं आणि बुधवारची रात्र महत्त्वाची झाली. रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, आणि अमीन सयानींचा तो आवाज. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. त्या सुमारास आपल्या आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना फारसा थारा नव्हता, म्हणून सारा देश सिलोनकडे कान लावून बसायचा. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि ही गाणी आपल्याच आकाशवाणीवर ऐकू यायला लागली. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. ती बातमी ऐकून सासूबाई म्हणाल्या, “आमच्या बुधवारचा माणूस गेला.” घरात त्या दिवशी दुसरं कोणी काही बोललं नाही, पण मला ते वाक्य फार दिवस पुरलं.

लग्न होऊन मिरजेत आल्यावर सांगली आकाशवाणी घरात आलीच, तिचं केंद्र १९६३ पासूनचं. सकाळी आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजली की चूल पेटायची. भक्तिगीतं लागली की पूजेची भांडी घासून व्हायची. सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की मुलींच्या वेण्या. सुधा नरवणे यांचा आवाज त्या काळच्या कितीतरी घरांत वेणीच्या तिसऱ्या पेडाशी जोडलेला आहे. गंमत बघा, बातमी कोणाला आठवत नाही, वेणी आठवते.

मिरज हे तर गाण्याचंच गाव. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे राहिले. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दर वर्षी उरसाला त्यांच्या स्मरणार्थ तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, १९०५ सालचा. घरंदाज बाईनं चारचौघांत बसून गाणं म्हणणं ज्या काळात कमीपणाचं समजत, त्या काळात त्यांनी जाहीर जलसे केले. तरीही साध्या घरातल्या सुनेला रात्रभर गाणं ऐकायला जाणं १९७० च्या सुमारालासुद्धा सोपं नव्हतं. सासूबाई सांगतात, “आम्ही मागं, कडेला बसायचो. डोक्यावर पदर आणि मनात दुधाचं पातेलं झाकलंय का नाही, याची काळजी.” म्हणून रेडिओचं मोल मोठं. ज्या आवाजांपर्यंत बाईला जाता येत नव्हतं, ते आवाज तिच्या स्वयंपाकघरात आले आणि हातातलं काम न सोडता तिला ऐकता आले.

आता तुमच्या ध्यानात येईल, की आज आपल्या घरातलं म्हातारं माणूस गप्प का होतं. गाणी सगळी आत आहेत. पण ज्या कामांच्या खुंट्यांना ती टांगली होती, त्या खुंट्याच आपण काढून टाकल्या. दळण गिरणीत, वाटण मिक्सरमध्ये, धुणं मशीनमध्ये, नातवंडं पाळणाघरात. वर आपण मायेनं म्हणतो, “आई, तुम्ही आता काही करू नका, आराम करा.” त्या आराम करतात आणि गाणं मुकं होतं.

गेल्या उन्हाळ्यात कुरडयांचा घाट घातला होता. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून चीक काढलेला. चीक शिजताना सारखा ढवळावा लागतो, हात थांबला की गुठळ्या. माझा हात भरून आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आण इकडं.” त्या पाटावर बसल्या आणि पातेल्यात लाकडी पळी गोल गोल फिरवू लागल्या. पाच-सात मिनिटं गेली असतील. एकाएकी त्यांच्या तोंडून ओवी निघाली. त्यांच्या आईची, जात्यावरची. हाताला जात्याचं फिरणं आठवलं आणि हातानं तोंडाला आठवण करून दिली! एक झाली, दुसरी झाली. त्यांची आई प्रत्येक लेकराचं नाव एकेका ओवीत गुंफायची. थोरल्या मामांचं नाव आलं, मावशींचं आलं, सासूबाईंचं स्वतःचं आलं आणि मग एक नाव आलं, जे मी या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, “आई, हे कोण?”

पळी थांबली नाही. त्या म्हणाल्या, “माझ्या पाठचा. चार वर्षांचा होऊन गेला, तापानं. आईनं त्याचं नाव जात्यावरून कधी उतरवलं नाही.”

त्या मुलाचा फोटो नाही. त्या काळी खेड्यात चार वर्षांच्या पोराचा फोटो कोण काढणार? कुठल्या कागदावर नाव नाही. त्याला पाहिलेली थोरली भावंडं केव्हाच गेली. माझ्या नणंदांना, आमच्या ह्यांना, कोणालाच आपल्याला आणखी एक मामा होता हे ठाऊक नव्हतं. एका आईनं तो लेक एका ओवीत ठेवला होता आणि ती ओवी आता एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडी उरली होती. नाव मी इथे लिहीत नाही, ते घरातलंच राहू दे. पण आमच्या वहीत ते आता लिहिलेलं आहे.

मैत्रिणींनो, अशी नावं तुमच्याही घरात असतील. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींचीच गोष्ट घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्यांना गाणी सुचत, आणि घरातल्या मुलांनी, त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी ती ऐकून टिपून ठेवली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. टिपणारं माणूस घरात नसतं, तर महाराष्ट्राला आज ती गाणी ठाऊकच नसती. आपली सासू, आपली आई बहिणाबाई नसेल. पण तिच्याजवळ जे आहे, ते दुसऱ्या कोणाजवळच नाही, हेही तितकंच खरं.

माझी एक मैत्रीण आहे. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मोबाईलमध्ये आईचे शेकड्यानं फोटो आहेत. आई केक कापताना, आई नव्या सोफ्यावर, आई नातीच्या लग्नात. पण जो पाळणा म्हणून आईनं तिला आणि तिच्या मुलांना निजवलं, त्या पाळण्याची दुसरी ओळ आज तिला आठवत नाही, आणि विचारायला कोणी नाही. मला म्हणाली, “अगं, चेहरा आहे, पण आवाज नाही.” म्हणून मी हे आज तातडीनं सांगतेय.

तर मग काय करायचं? बघा, काही साध्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, बसवून विचारू नका. समोर खुर्ची टाकून ‘हं, सांगा आता’ म्हटलं की माणूस अवघडतं. हातात काहीतरी द्या. शेंगा सोलायला, मेथी निवडायला, वाती वळायला. जमेल तेवढंच, दमेल इतकं नाही. आणि आपणही शेजारी बसून तेच काम करा. नुसतं ऐकणारं माणूस परीक्षकासारखं वाटतं, बरोबर काम करणारं माणूस आपलं वाटतं.

दुसरी गोष्ट, आधी काम विचारा, मग गाणं. ‘पहाटे उठल्यावर पहिलं काय करायचात?’, ‘हळद दळताना कोण कोण जमायचं?’, ‘बाळंतिणीच्या खोलीत काय म्हणायच्या?’, ‘हादग्याला खिरापत काय असायची?’ (पुण्याकडच्या भगिनींनी भोंडला म्हणावं, खानदेशातल्यांनी भुलाबाई!), ‘पहिला सिनेमा कुठल्या टॉकीजला, आणि तिकिटाला पैसे कोणी दिले?’ सासऱ्यांना किंवा वडिलांना विचारायचं असेल तर भजनी मंडळ, गणपतीचा मेळा, सायकलवरून शाळेला जाताना शिट्टीवर वाजवलेलं गाणं, असं काही काढा. पुरुषमाणसं ‘गाणं येत नाही’ म्हणायला बायकांपेक्षाही तयार असतात, पण सायकलची गोष्ट निघाली की खुलतात.

तिसरी गोष्ट, कोणत्या काळातलं विचारायचं हे ध्यानात ठेवा. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सर्वांत खोल रुतलेली असतात, असं मनाचा अभ्यास करणारे सांगतात. तेव्हा वयातून ती वर्षं वजा करा आणि त्या काळातली गाणी लावा. आज जे ऐंशीच्या आसपास आहेत, त्यांना १९५५ ते १९७५ मधली गाणी पहिल्या सुरात ओळखू येतील. विस्मरणाचा आजार जडलेल्या माणसालाही पुष्कळदा नावं आठवत नाहीत, पण जुन्या गाण्याची पुढची ओळ आठवते. त्यानं आजार बरा होत नाही, हे खरं. पण तेवढा वेळ आपलं माणूस आपल्याला परत भेटतं.

चौथी गोष्ट कानांची. वय वाढलं की बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो, उलट ओरडलं की आवाज अधिकच बारीक आणि कर्कश होतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोला. टीव्ही बंद करून मगच रेडिओ लावा, दोन आवाज एकदम झाले की त्यांना काहीच कळत नाही. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कित्येकदा नुसता मळ दडलेला असतो. तो काडीनं, पिनेनं घरी काढू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेलही घालू नका. यंत्र लागणार असेल तर लाजू नका म्हणावं. डोळ्यांना चष्मा चालतो, मग कानाला यंत्र का नको?

पाचवी गोष्ट, लिहून ठेवा आणि आवाजही ठेवा. मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरू नका. ताटाखाली, पदराशेजारी असा उलटा ठेवून द्या, पण ध्वनिमुद्रण करतोय हे आधी सांगा, चोरून करू नका. एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक गाण्याला तीन गोष्टी लिहा: कोणाकडून शिकलं, कोणतं काम करताना म्हणायचे आणि त्यातले न कळणारे शब्द. अर्थ तिथल्या तिथे विचारून घ्या. ध्वनिमुद्रण एका जागी ठेवू नका, फोन हरवतो, बिघडतो. नणंदेला एक प्रत, दिराला एक प्रत. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्या फिती दिवसेंदिवस खराब होत असतात. गावात कोणी त्या संगणकावर उतरवून देत असेल तर यंदाच ते काम उरकून घ्या.

सहावी गोष्ट, विचारल्याशिवाय गावभर करू नका. ओव्यांमध्ये घरातली सुखदुःखं असतात, सासू-नणंदांचे टोमणेही असतात! आपण हौसेनं मोबाईलवरच्या नातेवाइकांच्या मंडळावर टाकतो आणि त्या माउलीला अवघडल्यासारखं होतं. तिनं ‘टाक’ म्हटलं तरच टाका. एखाद्या आठवणीनं डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नका आणि खोदून विचारूही नका. पाण्याचा पेला पुढे करावा, हातातलं काम चालू ठेवावं.

मुलांनाही यात ओढा. मी अर्धवेळ शिकवते तिथे सातवीच्या मुलांना एकदा गृहपाठ दिला होता, आजी-आजोबांकडून एक गाणं आणि ते गाणं कोणत्या कामाचं होतं ते लिहून आणायचं. कोणी पाळणा आणला, कोणी भजन, एकानं रेडिओवरची साबणाची जाहिरात आणली! एका मुलाच्या आजीचं गाणं कानडीत होतं. आमचा भाग सीमेवरचा, तेव्हा त्यात नवल नाही. पण नातवाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो अर्थ विचारायला म्हणून तो आजीजवळ तासभर बसला, असं त्याची आई सांगत होती. एका गृहपाठानं आणखी काय करायचं?

शेवटी एक गोष्ट सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं होतं, असं मला म्हणायचं नाही आणि आपल्या सासवाही तसं म्हणत नाहीत. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईच्या पाठीचं काय होत असेल, ते त्याच जाणोत. मी एकदा सासूबाईंना विचारलं, “आई, ते दिवस परत यावेत असं वाटतं का हो?” त्या पटकन म्हणाल्या, “जातं नको गं बाई परत. ओवी तेवढी राहू दे.”

आमच्या घरी वहीत आजवर एकेचाळीस ओव्या, तीन पाळणे आणि हादग्याची सहा गाणी जमली आहेत. सासूबाईंचं गॅलरीत बसणं काही सुटलेलं नाही, पण आता दुपारी त्या मला हाक मारतात, “अगं, निवडायला काही आहे का? एक आठवतंय.” मी तांदळाचं ताट पुढे करते. तांदूळ दुकानातूनच निवडून आलेले असतात. पण ते काही मी त्यांना सांगत नाही.

तेव्हा या रविवारी बाजारातून येताना भाजीबरोबर एक वही आणा. शेंगा घ्या किलोभर, आणि त्या सोलायला आपल्या आईला, सासूला, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीला हाक मारा. गाणं लगेच निघालं नाही तरी शेंगा तर सोलून होतील!